सेकंडहँड सायकल घेताय? आधी हे वाचा!

सेकंडहँड मोबाईल घ्यायचा असेल तर आपण किती प्रश्न विचारतो! बॅटरी किती टिकते, स्क्रीन बदललेली आहे का, बिल आहे का, पाण्यात पडला होता का... आणि सेकंडहँड सायकल घेताना? घंटी वाजवतो, टायर अंगठ्याने दाबतो, "गिअरवाली आहे ना?" असं विचारतो आणि पैसे देऊन मोकळे होतो. मोबाईल बंद पडला तर फार तर मेसेज जात नाही. सायकलीवर मात्र आपण स्वतः बसलेलो असतो, तेही उतारावर, मागून ट्रक येत असताना!

म्हणून हा लेख. शाळेत इंग्लिश मीडियम असल्यामुळे माझ्या मराठीत इंग्लिश शब्द डोकावतील, तेवढं सांभाळून घ्या. तसंही सायकलच्या दुकानात शुद्ध मराठी किंवा शुद्ध इंग्लिश कोणीच बोलत नाही. तिथे फोर्कला 'चिमटा' म्हणतात, चाक वाकडं झालं की ते 'आऊट' होतं, आणि ओव्हरहॉलिंगचं कधीच 'ओव्हरऑईलिंग' झालेलं आहे. मीही हेच शब्द वापरणार आहे.

देवळालीत सायकली येतात कुठून?

मी देवळाली कॅम्पची. आमचं गाव लष्करी, स्कूल ऑफ आर्टिलरी इथेच आहे. फौजी कुटुंबं इथे दोन-तीन वर्षं राहतात आणि मग पोस्टिंग येतं. सामानाच्या काळ्या पेट्या भरायला लागतात आणि 'काय न्यायचं, काय विकायचं' अशी दोन यादी होतात. मुलांच्या सायकली बहुतेक दुसऱ्या यादीत असतात, कारण मुलं तोपर्यंत वीतभर उंच झालेली असतात. अशी सायकल बरेचदा चांगली निघते. घरात ठेवलेली, एकाच मुलाने वापरलेली, आणि विकणाऱ्याला फसवण्यापेक्षा ट्रक यायच्या आत मोकळं व्हायची घाई जास्त!

दुसरा साठा नाशिक शहरात आहे. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची 'रेस अॅक्रॉस अमेरिका' ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या टीमने पूर्ण केली. २०१७ साली लष्करातले डॉक्टर लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ यांनी तीच शर्यत एकट्याने पूर्ण केली. अशा बातम्या वाचून कुणाला सायकल घ्यावीशी वाटणार नाही? मग २०२० चं लॉकडाऊन आलं, जिम बंद झाल्या आणि आणखी सायकली विकल्या गेल्या. त्यातल्या काही आज रोज पळतात आणि काही पार्किंगमध्ये कपड्याचं कव्हर घालून उभ्या आहेत. आपल्याला ह्या दुसऱ्या हव्या आहेत.

आता कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, बस आहे, शेअर रिक्षा आहे. आहे ना! पण रिक्षा भरेपर्यंत थांबावं लागतं आणि प्रॅक्टिकल लांबलं की घरचा फोन येतो, "निघालीस का?" लॅम रोडने स्वतःच्या सायकलवर घरी येताना कुणासाठी थांबावं लागत नाही. माझ्यासाठी सायकल ही हौस नाही, माझा वेळ माझ्या हातात ठेवायचं साधन आहे. आणि पैसे ट्यूशन घेऊन जमवलेले असले की ते एकदाच खर्च करता येतात.

मुख्य सूत्र : काय बदलता येतं आणि काय नाही

बाकी सगळं विसरलात तरी चालेल, एवढं लक्षात ठेवा. सायकलीत टायर, चेन, ब्रेक, सीट, हँडल, गिअर, अगदी चाकंसुद्धा बदलता येतात. प्रत्येकाला किंमत आहे आणि ती दुकानात विचारता येते. फक्त फ्रेम बदलता येत नाही, कारण फ्रेम बदलली म्हणजे सायकलच बदलली.

त्यामुळे बघायचा क्रम ठरलेला आहे. पहिलं, फ्रेम आपल्या मापाची आहे का? दुसरं, ती धड आहे का? ह्या दोन्हींपैकी एकाचं उत्तर 'नाही' आलं तर सायकल फुकट मिळाली तरी घेऊ नका. दोन्हींचं 'हो' आलं तर बाकीच्या झिजलेल्या वस्तूंचा खर्च मांडा आणि सांगितलेल्या किमतीतून वजा करा. बहुतेक लोक नेमकं उलटं करतात. चमकदार रंग आणि एकवीस गिअर बघून हो म्हणतात आणि गंजलेली चेन बघून नाही म्हणतात. चेन काही शे रुपयांना मिळते हो!

माप आधी

दुकानदार सांगतात, "बसून बघा, सीट खालीवर होते." सीट होते, फ्रेम होत नाही. मी पाच फूट एक इंच आहे आणि बाजारात येणाऱ्या बऱ्याच जुन्या सायकली पाच-आठच्या मुलांच्या असतात. त्यामुळे हा भाग मी अनुभवाने सांगतेय.

घरी आधी एक माप घ्या. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे राहा, पायांत चार बोटांचं अंतर ठेवा, एक जाड पुस्तक दोन पायांच्या मध्ये वरपर्यंत सरकवा (अखेर जाड पुस्तकाचा उपयोग झाला!) आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत सेंटिमीटरमध्ये मोजा. हे तुमचं पायाच्या आतल्या बाजूचं माप. त्याला ०.८८३ ने गुणलं की पेडलच्या मधल्या अॅक्सलपासून, म्हणजे बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून, सीटच्या वरच्या पृष्ठभागापर्यंतची अंदाजे उंची मिळते. माझं माप ७० सेंटिमीटर आहे, म्हणजे सीट सुमारे ६२ सेंटिमीटरवर हवी. हा आकडा म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे, सुरुवात आहे. पुढे एखादा सेंटिमीटर इकडेतिकडे करायचा.

आता सायकलजवळ गेल्यावर टेपने ती उंची लावून बघा. सीट पूर्ण खाली करूनही ती जास्तच राहत असेल, तर फ्रेम मोठी आहे. उलट सीट इतकी वर काढावी लागली की सीटपोस्टवर कोरलेली 'मिनिमम इन्सर्शन'ची रेघ बाहेर दिसायला लागली, तर फ्रेम लहान आहे. ती रेघ बाहेर ठेवून चालवणं धोक्याचं असतं. आत उरलेला तुकडा कमी झाला की सगळा भार नळीच्या तोंडाशी येतो आणि तिथेच नळी फाटते किंवा पोस्ट मोडतो.

मग दांडीवरून पाय टाकून दोन्ही पाय जमिनीवर टेकवून उभे राहा. साध्या रस्त्याच्या सायकलीला दांडी आणि शरीर यात दोन-तीन सेंटिमीटर, माउंटन बाईकला पाच किंवा जास्त जागा हवी. सिग्नलला अचानक उतरावं लागलं की ही जागा किती महत्त्वाची असते ते सांगायची गरज नाही. शेवटी हँडल धरा. कोपर किंचित वाकलेलं राहायला हवं. हात सरळ ताठ होत असतील तर सायकल लांब आहे. हँडलचा स्टेम बदलून एक-दोन सेंटिमीटर जुळवता येतात, त्याहून जास्त नाही.

आणि मुलींनो, खाली वाकलेल्या दांडीची 'लेडीज सायकल'च घ्यायला हवी असं काही नाही, आणि मुलांनो, ती घेतली तर लाज वाटायचंही काही कारण नाही. माप बसतंय ना? झालं तर!

फ्रेम : इथे इंजिनिअर व्हा

परीक्षेत एस-एन कर्व्ह काढतो ना आपण? तोच इथे कामाला येतो. स्टीलला एन्ड्युरन्स लिमिट असते. ताण एका मर्यादेच्या खाली असेल तर कितीही फेरे झाले तरी ते टिकतं असं आपण धरतो. अॅल्युमिनियमला तशी स्पष्ट मर्यादा नसते. त्याचा कर्व्ह हळूहळू खालीच जात राहतो. याचा अर्थ अॅल्युमिनियमची सायकल लवकर तुटते असा नाही. डिझाइन करणाऱ्याने ते गृहीत धरून नळ्या जाड आणि रुंद केलेल्या असतात. पण जुनी अॅलॉय फ्रेम घेताना वेल्डजवळच्या जागा डोळ्यांत तेल घालून बघायच्या, एवढा अर्थ नक्की आहे.

ओलं फडकं आणि टॉर्च न्या. आधी माती पुसा, कारण भेग मातीखाली लपते. मग ह्या जागा बघा : पुढची उभी नळी, म्हणजे हेडट्यूब, आणि तिला जोडलेल्या दोन नळ्यांचे जोड, खालच्या तिरक्या नळीचा खालचा भाग, बॉटम ब्रॅकेटच्या भोवती, सीटपोस्ट जिथे आत जातो तिथली खाच, आणि मागचं चाक जिथे बसतं ती टोकं. बारीक रेघ दिसली तर नख फिरवा. नुसत्या रंगाचा ओरखडा नखाला फारसा लागत नाही. नख अडकलं, किंवा स्टीलमध्ये रेघेतून गंज ओघळलेला दिसला, तर भेग धरून चाला. शंका असेल तरी भेगच धरा.

समोरून जोरात आपटलेल्या सायकलीची खूण वेगळी असते. हेडट्यूबच्या जरा मागे, वरच्या आणि खालच्या नळीच्या खालच्या अंगाला, रंगाला सुरकुती पडते किंवा बोटाला फुगवटा लागतो. ही जागा हात फिरवून बघा. डोळ्यापेक्षा बोटाला लवकर कळतं.

फ्रेम वाकडी आहे का हे बघायला दोरा पुरतो. मागच्या एका टोकाला दोरा बांधा, तो हेडट्यूबला वळसा घालून पुढून परत दुसऱ्या टोकापर्यंत ताणून आणा. आता सीटखालची नळी आणि दोरा यातलं अंतर दोन्ही बाजूंना मोजा. सारखं आलं तर फ्रेम सरळ. एक-दोन मिलिमीटर फरक चालतो, बोटभर फरक चालत नाही.

"वेल्डिंग करून घेऊ ना," असं विकणारा म्हणाला तर? साध्या स्टीलची फ्रेम जाणकार माणूस नीट जोडू शकतो. पण सायकलीत वापरतात तसं ६०६१-टी६ अॅल्युमिनियम ताकद मिळवतं ते हीट ट्रीटमेंटमुळे. कोपऱ्यावरच्या वर्कशॉपमध्ये वेल्ड मारला की त्याच्या आजूबाजूचा भाग मऊ पडतो आणि पुन्हा हीट ट्रीटमेंट करायची सोय तिथे नसते. म्हणून वेल्ड केलेली अॅलॉय फ्रेम घेऊ नका. जुन्या कार्बन फ्रेमपासूनही आपण विद्यार्थ्यांनी लांबच राहावं. तिच्यातली इजा आत असते, बाहेरून रंग शाबूत दिसतो.

आमच्या ग्रुपमधली एक मैत्रीण मागच्या वर्षी शहरात एक अॅलॉय सायकल बघायला मला घेऊन गेली. काळी चकचकीत, किंमत संशय यावा इतकी कमी. सगळं छान होतं, फक्त खालच्या नळीवर एका जागी नवंकोरं स्टिकर होतं आणि बाकीची सगळी स्टिकर्स उन्हाने उडालेली! आम्ही विचारलं, "हे काढून बघू का?" विकणारा म्हणाला, "कशाला, रंग खराब होईल." आम्ही थँक्यू म्हणून निघालो. त्या स्टिकरखाली काय होतं ते आम्ही पाहिलं नाही आणि पाहायची गरजही नव्हती. जी जागा बघू देत नाहीत, तिची किंमत आपण का द्यायची?

चिमटा आणि पुढचा ब्रेक

चेन तुटली तर तुम्ही सायकल ढकलत घरी येता. चिमटा तुटला तर तुम्ही तोंडावर पडता. म्हणून पुढच्या भागाला मी वेगळा वेळ देते.

बाजूने उभं राहून बघा. सरळ पायांचा चिमटा असेल तर त्याची रेघ हेडट्यूबच्या रेघेत किंवा किंचित पुढे जाणारी हवी. मागे गेलेली दिसली तर धडक बसलेली आहे. नंतर पुढचा ब्रेक घट्ट दाबून सायकल पुढेमागे हलवा आणि दुसऱ्या हाताची बोटं हेडट्यूबच्या जोडावर ठेवा. खटखट जाणवली तर हेडसेट सैल आहे. हे बहुतेक वेळा घट्ट करून निघतं. आता पुढचं चाक उचलून हँडल हळू फिरवा. बरोबर मध्यावर येऊन ते 'टक्' करून बसत असेल, तर बेअरिंगच्या वाटीत छर्ऱ्यांनी खड्डे पाडलेत. मग वाट्या आणि छर्रे बदलायचा खर्च यादीत लिहा.

सस्पेन्शनचा चिमटा असेल तर ब्रेक धरून हँडलवर भार द्या. तो खाली जाऊन सावकाश परत यायला हवा. जागीच अडकला किंवा आतल्या चकचकीत नळीवर खोल ओरखडे आणि गंज असेल तर तो फक्त वजन वाढवायच्या कामाचा आहे. आपल्या डांबरी रस्त्यांना साधा, सस्पेन्शन नसलेला चिमटा उत्तम. कमी वस्तू, कमी बिघाड.

ब्रेक मारला की वजन पुढे सरकतं हे फिजिक्स अकरावीतलं. म्हणून थांबवण्याचं जास्त काम पुढचा ब्रेक करतो. रबर झिजलं असेल तर ते स्वस्तात बदलतं, पण ते ज्या रिमवर घासतं ती रिमही झिजते. रिमच्या कडेला बोट फिरवा. मध्ये खोलगट लागलं तर ब्रेकने धातू खाल्लेला आहे. काही रिमांवर बारीक ठिपका किंवा खाच असते, ती नाहीशी झाली की रिम बदलायची. पातळ झालेली रिम हवेच्या दाबाने फुटू शकते. डिस्क ब्रेक असेल तर डिस्क फिरताना घासत नाही ना आणि लिव्हर हँडलला टेकत नाही ना, एवढं बघा.

चाकं आणि टायर

सायकल उलटी करा, चाक फिरवा आणि रिम व ब्रेकचं रबर यातली फट बघत राहा. फट कमीजास्त होत असेल तर चाक आऊट आहे. थोडा आऊट कोणीही चांगला सायकलवाला ताऱ्या ताणून काढून देतो. पण रिमला आपटून चेपलेला खड्डा असेल तर आऊट पूर्ण निघत नाही.

ताऱ्या बोटाने छेडून बघा. एका बाजूच्या सगळ्या ताऱ्यांचा आवाज साधारण सारखा हवा, एखादी 'भद्' वाजली तर ती सैल. मात्र मागच्या चाकाची उजवी आणि डावी बाजू एकमेकींशी ताडून बघू नका. उजवीकडे गिअरचक्र असल्याने त्या बाजूच्या ताऱ्या मुळातच जास्त ताणलेल्या असतात.

टायर घेताना सगळ्यात मोठा गोंधळ होतो तो इंचांचा. '२६ इंची' म्हणजे एकच माप नव्हे! माउंटन बाईकच्या २६ इंची रिमचा टायर बसण्याचा व्यास ५५९ मिलिमीटर असतो आणि २६ गुणिले एक पूर्णांक तीन अष्टमांश लिहिलेल्या टायरचा ५९०. एकाचा टायर दुसऱ्याला बसत नाही. २७.५ इंचीचा व्यास ५८४, तर २९ इंची आणि ७००-सी या दोन्हींचा ६२२. आजोबांच्या काळ्या सायकलीचा २८ गुणिले दीड इंची टायर ६३५ चा. टायरच्या कडेवर '५०-५५९' असा आकडा छापलेला असतो. पहिला आकडा रुंदी, दुसरा व्यास. दुसरा आकडा लिहून घ्या आणि नाशिकरोडला दोन दुकानांत विचारा, मिळतो का? रोज वापरायच्या सायकलीला गावात मिळणारा टायर हवा. अॅटलस कंपनीने २०२० च्या जूनमध्ये साहिबाबादचा कारखाना बंद केला, तरी काळ्या सायकलींचे सुटे भाग अडत नाहीत. कारण ती मापं सगळ्यांची सारखी होती.

चेन : स्टीलपट्टी बाहेर काढा

चेन 'ताणली' असं आपण म्हणतो, पण खरं तर लोखंड ताणलं जात नाही. पिना आणि त्यांची भोकं झिजतात आणि प्रत्येक जोडात थोडीथोडी ढिलाई साठत जाते. हे मोजायला वर्कशॉपमधली आपली एक फुटी स्टीलपट्टी पुरते.

चेनचा पिच अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर असतो. नव्या चेनमध्ये एका पिनेच्या मध्यापासून चोवीस कड्या मोजल्या की पुढची पिन बरोबर १२ इंचांवर, म्हणजे ३०४.८ मिलिमीटरवर येते. जुन्या चेनला पट्टी लावा. पिन १२ इंचांच्या पुढे एक सोळांश इंच (सुमारे दीड मिलिमीटर) गेली असेल तर चेन बदलायची वेळ झाली. एक अष्टमांश इंच (सुमारे तीन मिलिमीटर) गेली असेल तर चेनने मागच्या चक्राचे दातही खाल्लेले असतात. मग नुसती नवी चेन घालून उपयोग नाही, ती जुन्या दातांवरून सटकते. चेन आणि चक्र दोन्हींचा खर्च धरा. हे माप विकणाऱ्यासमोर घ्या. पट्टीशी वाद घालता येत नाही!

गिअर, पेडल आणि एक फेरी

सायकलीच्या मागे बसून डेरेलर बघा. तो चक्रांना समांतर लोंबकळायला हवा. आत वाकलेला असेल तर सायकल उजव्या बाजूला पडलेली आहे. अॅलॉय फ्रेमवर त्याचा हँगर वेगळा निघतो आणि महाग नसतो, पण प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो. आधी मिळतो का ते विचारा. दोन्ही क्रँक हातांनी धरून फ्रेमच्या दिशेने आतबाहेर हलवा. दोन्ही एकदम हलले तर बॉटम ब्रॅकेट सैल, एकच हलला तर तो क्रँक सैल. सीटचं कव्हर, घंटी, ग्रिप, हे बघूच नका. ते वाढदिवसाला मित्रांकडून मागा.

मग चालवा. मैदानात नाही, रस्त्यावर. थोडा चढ, थोडा उतार हवाच. चढावर जोर लावून सगळे गिअर टाका, कारण उभ्या सायकलीवर गिअर नेहमीच छान पडतात. उतारावर, मागेपुढे कोणी नाही हे पाहून, एकदा हँडलवरची पकड सैल करा (हात सोडू नका!). सायकल सतत एका बाजूला ओढत असेल तर चाक नीट बसलं नसेल, नाहीतर फ्रेम किंवा चिमटा वाकडा असेल. आधी चाक काढून परत बसवा. तरी ओढली तर नमस्कार करून निघा.

कागदपत्रं आणि चोरीची सायकल

हा भाग कंटाळवाणा आहे आणि म्हणूनच लोक टाळतात. फ्रेमवर नंबर ठोकलेला असतो, बहुतेक वेळा बॉटम ब्रॅकेटच्या खाली. सायकल उलटी केलेलीच आहे, तेव्हा तो वाचा आणि बिलावर नंबर असेल तर ताडून बघा. नंबर घासून काढलेला असेल तर एक शब्दही न बोलता परत या.

चोरीचा माल आहे हे माहीत असून, किंवा तसं मानायला कारण असून, तो अप्रामाणिकपणे घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पूर्वी हेच भारतीय दंड संहितेचं कलम ४११ होतं. 'दहा हजारांची सायकल पंधराशेत' हे एक कारणच झालं. कायदा बाजूला ठेवला तरी ती सायकल आपल्यासारख्याच कुणाच्या तरी ट्यूशनच्या पैशांची असते.

बिल हरवलेलं असेल तर साध्या कागदावर लिहून घ्या : सायकलीचं नाव, फ्रेम नंबर, तारीख, रक्कम, दोघांची नावं आणि सह्या. प्रामाणिक माणूस याला नाही म्हणत नाही. फौजी घरांत तर उलट आपल्यालाच सही करायला सांगतात!

भावाचं गणित

माझंच उदाहरण देते. कॅम्पमधल्या एका फौजी आंटींकडे मुलाची स्टील फ्रेमची गिअरची सायकल होती. फ्रेम लहान मापाची, म्हणून मला बरोब्बर. त्यांनी ८,००० सांगितले. फ्रेम, चिमटा, रिम सगळं धड होतं. चेन एक सोळांशाच्या पुढे गेलेली, टायर उभं राहून तडकलेले, ब्रेकची रबरं दगड झालेली. आमच्या सायकलवाल्या काकांकडून मी आधीच दर विचारून ठेवले होते : चेन ५००, दोन टायर १,३००, रबरं २५०, केबल ३००, ओव्हरऑईलिंग ४५०. एकूण २,८००. म्हणजे माझ्या हिशोबाने ५,२००.

मी कागद आंटींसमोर ठेवला. त्या हसून म्हणाल्या, "बेटा, तू तो पूरी इंजिनिअर है!" ५,६०० ला सौदा ठरला. वर पंप आणि कुलूप मिळालं. सगळा खर्च धरून सायकल मला ८,४०० ला पडली, तेव्हा तशीच नवी दुकानात १४,००० च्या आसपास सांगत होते. घासाघीस मला येत नाही. पण इथे घासाघीस नव्हतीच, वजाबाकी होती. 'कमी करा ना' म्हटलं की समोरच्याला वाईट वाटतं, आकडे दाखवले की त्यालाही पटतं.

आणखी एक गोष्ट. विकणारे जुनं बिल दाखवून "एवढ्याची घेतली होती" म्हणतात. पण २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलीवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. त्यामुळे तुलना जुन्या बिलाशी नाही, आज दुकानात असलेल्या नव्या किमतीशी करा. आणि खर्च धरून जुनी सायकल नव्याच्या पाऊण किमतीपर्यंत जात असेल, तर सरळ नवी घ्या.

जाताना पिशवीत काय?

स्टीलपट्टी, मेजरिंग टेप, टॉर्च, ओलं फडकं, दोरा, अॅलन कीचा सेट, कागद-पेन आणि एक मित्र किंवा मैत्रीण. शेवटची वस्तू सगळ्यात महत्त्वाची. आपल्याला सायकल आवडलेली असते, त्याला नसते. म्हणून भेग त्यालाच आधी दिसते!

दिवसाउजेडी जा, घाई करू नका, आणि पहिल्याच सायकलीला हो म्हणायलाच हवं असं मुळीच नाही. कॅम्पमध्ये पोस्टिंग येतच राहतात. यातलं काही डोक्यावरून गेलं असेल तर मला मेकॅनिकलच्या वर्कशॉपबाहेर गाठा. रविवारी सायकल बघायला मी फुकट येते. चहा मात्र तुमचा!